शिवेवरचे शेजारी
(मंडळीतील अभ्यासवर्गासाठी धडा)

वाचन : मत्तय, अध्याय ५, रोमकरांस पत्र, अध्याय १२, याकोबाचे पत्र, अध्याय ३.



शेत कसणाऱ्या माणसास शीव म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जेथे एका गावची जमीन संपते व दुसऱ्या गावची सुरू होते ती शीव. तेथेच गुरे चुकून पलीकडे जातात, तेथेच बांध कोरला जातो, आणि पुष्कळ तंटे तेथेच जन्मास येतात. मुंबई शहरात ह्याच नावाची एक वस्ती आहे. माटुंग्याच्या उत्तरेस, धारावीला लागून असलेले हे शीव पूर्वी खरोखरच सीमा होते. इकडे इंग्रजांच्या ताब्यातील परळचे बेट आणि पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. ह्या सीमेच्या रक्षणाकरिता इंग्रजांनी सतराव्या शतकात, १६६९ ते १६७७ ह्या काळात, तेथील टेकडीवर किल्ला बांधला. तो पडक्या स्थितीत अद्याप उभा आहे. ती राज्ये गेली व ती सीमाही पुसली गेली. परंतु दुसऱ्या एका प्रकारची शीव माणसांच्या मनातून जात नाही. देवळात जाणारा, मशिदीत जाणारा आणि ख्रिस्ती मंदिरात जाणारा हे एका नळावर पाणी भरतात, तरी त्यांच्यामध्ये ती असते.

ह्या धड्यात आपणांस एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. दोन धर्मांच्या लोकांत बेबनाव झाला असता तो आवरण्याकरिता सरकार आहे, पोलीस आहेत, न्यायालये आहेत. मग जी मंडळे सरकारी नाहीत, ज्यांच्या हाती दंडुका नाही की हुकूम नाही, त्यांनी काय करावयाचे उरते? उत्तर थोडक्यात असे की, सरकार हाणामारी थांबवू शकते. परंतु शेजाऱ्याची शेजाऱ्याशी ओळख करून देणे त्याच्या हातचे नाही. ते काम माणसांनाच करावे लागते, आणि ते तंट्यापूर्वी करावे लागते. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यास कोणी शहाणा म्हणत नाही.

१. मुंबईवर आलेला प्रसंग

६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडण्यात आली. त्यानंतर मुंबईत डिसेंबरात, आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये, हिंदू व मुसलमान ह्यांच्यात भयंकर दंगली झाल्या. शिवेस लागून असलेली धारावी त्यांत होरपळून निघाली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण ह्यांच्या चौकशी आयोगाने मृतांची संख्या ९०० दिली आहे. त्यांपैकी ५७५ मुसलमान व २७५ हिंदू होते. पुढे १२ मार्च १९९३ रोजी शहरात ठिकठिकाणी बाँबस्फोट होऊन आणखी २५७ माणसे प्राणास मुकली.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. धारावी ही कोणा एकाची वस्ती नव्हे. तमिळ मुलखातून आलेले मुसलमान, हिंदू व ख्रिस्ती, उत्तरेकडून आलेले कारागीर, कुंभारवाड्यातील गुजराती कुंभार, कोळी आणि इतर मराठी लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहत आले. तेथील बडी मशीद १८८७ सालची आहे. म्हणजे लोक एकमेकांस परके नव्हते. तरीही आवई उठली तेव्हा शेजार पुरला नाही. ह्याचे कारण असे की, नुसते जवळ राहणे आणि एकमेकांवर विश्वास असणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

२. मोहल्ला समित्या

जवळच भिवंडीचे उदाहरण होते. १९८४ साली त्या गावी मोठी दंगल झाली होती. तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले श्री. सुरेश खोपडे ह्यांनी १९८८ पासून मोहल्ल्यामोहल्ल्यांत हिंदू व मुसलमान रहिवाशांच्या समित्या स्थापिल्या. गटार, पाणी, भाडेकरूचा तंटा, नवराबायकोचे भांडण, अशा लहान गोष्टींकरिता लोक एकत्र बसू लागले व पोलिसांशी त्यांची ओळख झाली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली.

हा धडा मुंबईने घेतला. १९९४ साली मोहल्ला समितीची चळवळ सुरू झाली. तिच्या आरंभकर्त्यांत माजी पोलीस आयुक्त श्री. जुलियो रिबेरो, त्या वेळचे पोलीस आयुक्त श्री. सतीश साहनी, व्यापारी श्री. फकरुद्दीन खोराकीवाला आणि समाजकार्यकर्त्या श्रीमती सुशोभा बर्वे ही मंडळी होती. ह्यांत ख्रिस्ती, मुसलमान व हिंदू ह्या तिन्ही धर्मांचे लोक आहेत हे वाचकांच्या ध्यानी येईलच. श्री. रिबेरो हे गोमंतकीय ख्रिस्ती कुळातले. १९९२-९३ च्या दंगलींत ख्रिस्ती समाज हा पक्ष नव्हता. 'हे आमचे भांडण नव्हे' असे म्हणून त्यांस घरी बसता आले असते. ते बसले नाहीत.

समित्यांचे काम कसे चालते? ज्या वस्त्यांत तंटा होण्याचा संभव अधिक, तेथील पोलीस ठाण्याच्या हद्दीत दोन्ही समाजांतील माणसे नियमाने भेटतात. सणाची मिरवणूक कोणत्या वाटेने व किती वाजता जाईल हे आधी ठरविले जाते. मिरवणुकीच्या दिवशी दोन्हीकडील माणसे वाटेवर उभी राहतात. आवई उठली की ती ठाण्यात व पलीकडच्या मोहल्ल्यात विचारून पाहिली जाते. पोरांचे क्रिकेटचे सामने होतात, त्यांत पोलीसही खेळतात. ह्यांपैकी कोणतीही गोष्ट वर्तमानपत्रात मोठ्या अक्षरांनी छापण्याजोगी नाही. तथापि ज्या अंमलदाराबरोबर मुलगा खेळला आहे त्याच्याकडे तो मुलगा दुसऱ्या नजरेने पाहतो, आणि तो अंमलदारही त्या गल्लीकडे दुसऱ्या नजरेने पाहतो.

धारावीत श्री. वकार खान आणि श्री. भाऊ कोरडे ह्या दोघांनी हे कार्य मित्रभावाने चालविले. एक मुसलमान, कपडे शिवण्याच्या धंद्यातले. दुसरे मराठी हिंदू. श्री. खान ह्यांनी एक चित्रपत्रक काढविले. त्यात हिंदू, मुसलमान, शीख व ख्रिस्ती अशा वेषांत चार मुले एकत्र उभी असून 'हम सब एक हैं' असे शब्द आहेत. ते पत्रक धारावीबाहेरही पुष्कळ भिंतींवर लागले. ह्या दोघांच्या मैत्रीवर २००३ साली 'नाता' नावाचा माहितीपट निघाला आहे. त्यांच्या हाती काही अधिकार नव्हता. लोक त्यांना ओळखत होते, एवढेच त्यांचे बळ.

३. ख्रिस्ती आणि मुसलमान

आता आपल्या स्वतःच्या घराकडे वळू. आपल्या देशात ख्रिस्ती व मुसलमान ह्यांच्यात मोठी दंगल क्वचितच झाली. परंतु मनातील शीव नाही असे कोणी म्हणू नये. ह्याच मुंबईत १८३३ सालाच्या सुमारास स्कॉच मिशनरी डॉ. जॉन विल्सन व मुसलमान विद्वान ह्यांच्यात छापील वादविवाद झाले. वाद करणे हे पाप नव्हे. दोघेही आपापला विश्वास मनापासून मांडत होते. परंतु वादात प्रतिपक्षी दिसतो, शेजारी दिसत नाही.

ह्यात पुढे कसा पालट झाला ते हेन्री मार्टिन ह्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेवरून दिसते. हेन्री मार्टिन हे इराणास जाताना १८११ साली मुंबईत उतरले होते. त्यांच्या नावाची संस्था १९३० साली लाहोर येथे निघाली. मुसलमानांत सुवार्ता सांगणाऱ्या सेवकांस इस्लामचे शिक्षण देणे हा तिचा मूळ हेतू. १९७१ पासून ती हैदराबादेस आहे. डिसेंबर १९९० मध्ये त्या शहरात दंगल पेटली तेव्हा संस्थेतील लोकांपुढे प्रश्न उभा राहिला : आपण इस्लामविषयी इतके शिकविले, पण आपल्या दाराशी मुसलमान व हिंदू मरत असता आपण कोणाच्या उपयोगी पडलो? त्यांनी इतर मंडळांबरोबर संकटग्रस्तांना साहाय्य केले; पुढे जुन्या शहरात मुलांकरिता शाळा व स्त्रियांकरिता शिवणवर्ग असे काम काढले. तेथे दोन्ही समाजांच्या बायका एका छपराखाली बसू लागल्या. समेट घडवून आणण्याचे शिक्षण देणे हे त्या संस्थेचे एक मुख्य काम झाले. दंगलीत ख्रिस्ती पक्ष नव्हते म्हणूनच दोन्ही दारे त्यांस उघडी होती, ही गोष्ट लक्षात ठेवावी. थोड्या संख्येचा समाज दुबळा असतो खरा. परंतु मध्ये उभे राहण्याची जागा पुष्कळदा त्यालाच मिळते.

४. काडुना येथील दोन शत्रू

जेथे ख्रिस्ती व मुसलमान हेच दोन पक्ष होते तेथे काय झाले? पश्चिम आफ्रिकेतील नायजेरिया देशात काडुना नावाचे शहर आहे. १९९२ साली त्या प्रांतात दोन्ही समाजांत मोठी कापाकापी झाली. पाळक जेम्स वुये हे ख्रिस्ती तरुणांच्या सशस्त्र टोळीचे पुढारी होते. त्या लढाईत त्यांचा उजवा हात तुटला. इमाम महंमद अशाफा हे दुसऱ्या बाजूचे पुढारी. त्यांचे वृद्ध गुरू आणि दोन चुलतभाऊ मारले गेले. दोघांच्याही मनात सूड होता.

१९९५ साली मुलांना लस टोचण्याच्या कामाविषयी सभा होती, तिला दोघांस बोलावले होते. तेथे एका ओळखीच्या वार्ताहराने दोघांचे हात एकमेकांच्या हातांत दिले व तुम्ही दोघे मिळून ह्या प्रांतात शांतता आणू शकाल असे सांगितले. भेट झाली, पण मन झाले नाही. आरंभीच्या दिवसांत एका खोलीत निजावे लागले असता इमामाच्या तोंडावर उशी दाबावी असा विचार आपल्या मनात आला होता, असे पाळक वुये ह्यांनी स्वतःच पुढे सांगितले आहे. त्यांस एका उपदेशकाने बजावले की, अंतःकरणात द्वेष ठेवून ख्रिस्त सांगता येणार नाही. इकडे अशाफा ह्यांनी मशिदीत एक प्रवचन ऐकले. ताइफ गावी लोकांनी पैगंबरांस दगड मारले असता त्यांनी क्षमा केली, हा त्याचा विषय होता. पाळकांची आई आजारी पडली तेव्हा इमाम तिच्या समाचारास गेले. तर्काने जे साधले नव्हते ते ह्या भेटीने साधण्यास आरंभ झाला.

दोघांनी मिळून जी संस्था काढली ती आंतरधर्मीय मध्यस्थी केंद्र म्हणून प्रसिद्ध आहे. ज्या तरुणांना त्यांनी शस्त्रे धरावयास शिकविले होते, त्यांनाच ते शस्त्रे खाली ठेवावयास शिकवू लागले. मे २००४ मध्ये येल्वा गावी शेकडो मुसलमान मारले गेले. त्यापूर्वी त्याच गावी ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली होती. तेथे ह्या दोघांनी दोन्ही पक्षांस एकत्र बसवून, ज्याने त्याने आपले दुःख मोठ्याने सांगावे व दुसऱ्याचे ऐकून घ्यावे असे घडविले, आणि अखेर समेट झाला. ह्या दोघांपैकी कोणीही आपला धर्म सोडला नाही, की सर्व धर्म एकच आहेत असे म्हटले नाही. पाळक पाळकच राहिले व इमाम इमामच. शांती करावयाची म्हणजे विश्वास पातळ करावयाचा, अशी जी भीती आपल्या मंडळ्यांत आढळते तिला हे उत्तर आहे.

५. अंबोन बेट आणि आवई

इंडोनेशिया देशात अंबोन नावाचे बेट आहे. तेथील ख्रिस्ती मंडळी प्रॉटेस्टंट असून फार जुनी आहे. तेथे 'पेला' नावाची चाल आहे : दोन गावे, कधी एक ख्रिस्ती व एक मुसलमान, पूर्वजांच्या शपथेने भाऊ मानली जातात, आणि एकाच्या प्रार्थनामंदिराच्या बांधकामास दुसरे गाव हात लावते. अशा ठिकाणीही १९ जानेवारी १९९९ रोजी, ईदच्या दिवशी, प्रवासी गाडीवरचा एक माणूस आणि एक उतारू ह्यांच्यात बाचाबाची झाली, आणि पाहता पाहता राईचा पर्वत झाला. अमुक मशीद जाळली, अमुक देवालय जाळले अशा आवया दोन्हीकडे धावल्या. तीन वर्षांत सुमारे पाच हजार माणसे मेली असावीत असा अंदाज आहे. बाहेरून आलेले लोक ह्या पेला नात्यात नव्हते, आणि जुनी शपथ तरुण पिढीस केवळ ऐकून ठाऊक होती. म्हणजे येथेही विहीर होती, पण ती बुजत चालली होती.

त्या काळात प्रॉटेस्टंट, कॅथलिक व मुसलमान स्त्रियांनी एक मंडळ काढून दोन्ही बाजूंच्या आयांना एकत्र आणले. १२ फेब्रुवारी २००२ रोजी मालिनो येथे सरकारच्या मध्यस्थीने करार झाला. पुढे ११ सप्टेंबर २०११ रोजी एक मुसलमान मोटारसायकलवाला अपघातात मेला आणि त्याचा ख्रिस्ती लोकांनी खून केला अशी आवई उठून पुन्हा दंगल झाली. परंतु ह्या वेळी पाळक जॅकी मानुपुट्टी, मुसलमान अध्यापक आबिदिन वाकानो आणि त्यांचे सोबती तयार होते. लोक त्यांस 'शांतीचे चिथावणीखोर' म्हणतात. अमुक ठिकाणी आग लावली असा निरोप आला की त्यांपैकी जवळचा माणूस तेथे जाऊन स्वतः पाही, छायाचित्र काढी, आणि खरे काय ते मोबाइल फोनवरून दोन्हीकडे कळवी. काही माणसे तेव्हाही मेली. परंतु १९९९ सारखा वणवा पसरला नाही. याकोबाने जिभेविषयी जे शिकविले आहे ते आज मोबाइलला सर्वस्वी लागू पडते.

६. मर्यादा

हे सर्व वाचून कोणी असे समजू नये की मंडळ काढले म्हणजे तंटे मिटले. तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

पहिली, कागदावरची सही पुरेशी नसते. काडुना येथे ऑगस्ट २००२ मध्ये दोन्ही धर्मांच्या पुढाऱ्यांनी शांतीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या; आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तेथे पुन्हा दंगल होऊन दोनशेहून अधिक माणसे मेली. पुढाऱ्यांचा समेट गल्लीपर्यंत पोचावा लागतो.

दुसरी, काम एकदा करून संपत नाही. ज्या भिवंडीने १९९२ साली नाव मिळविले तेथेच जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या जागेवरून हिंसाचार झाला व दोन पोलीस शिपाई मारले गेले. त्याच महिन्यात, ११ जुलै रोजी, मुंबईच्या लोकलगाड्यांत बाँबस्फोट झाले. त्यांत शिवेपासून जवळच असलेली माटुंगा रोड व माहीम ही स्थानके होती. शहरात मात्र त्यानंतर दंगल झाली नाही. ह्याचे सर्व श्रेय समित्यांस देणे बरोबर होणार नाही. पोलिसांचा बंदोबस्त आणि सामान्य लोकांचा शहाणपणा हीही कारणे होती. परंतु आवई आल्यावर विचारावे कोणास, हे त्या दिवशी पुष्कळ मोहल्ल्यांस ठाऊक होते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. समेट हा न्यायाच्या जागी बसत नाही. १९९२-९३ च्या दंगलीत बेपत्ता झालेल्या १६८ माणसांपैकी १०८ जणांच्या कुटुंबांस नुकसानभरपाई मिळाली नव्हती. त्यांचा शोध घेऊन ती द्यावी असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला, आणि कायदा व सुव्यवस्था राखण्यात सरकार कमी पडले असेही म्हटले. म्हणजे तीस वर्षे लोटली. ज्या आईचा मुलगा परत आला नाही तिला 'झाले गेले विसरून जा' असे म्हणणे ही शांती नव्हे. चांगले मंडळ तिच्यासोबत कचेरीत जाते, अर्ज लिहून देते आणि पलीकडच्या समाजातील साक्षीदारास खरे बोलण्याचे धैर्य देते.

७. आपल्या गावी

आपल्या गावी कदाचित दहा घरे ख्रिस्ती असतील आणि पंधरा मुसलमान. दंगल कोठली, असे आपण म्हणाल. परंतु कबरस्थानाची हद्द, सणातील कर्णा, पळून जाऊन केलेले लग्न, सायकलने मारलेली धडक, ह्यांतून तंटा उभा राहू शकतो. त्यासाठी पुढील गोष्टी मंडळीस करता येतील. मशिदीच्या जमातीतील दोन समंजस माणसे व मंडळीतील दोन, त्यांत स्त्रियाही असाव्यात, अशी ओळख करून ठेवावी व एकमेकांचे फोन नंबर घ्यावे. कोणतीही बातमी पुढे पाठविण्यापूर्वी त्यांस विचारावे. आजारपणात व मयतात एकमेकांच्या दारी जावे. दोघांस लागणाऱ्या एखाद्या कामाकरिता, मग तो पाण्याचा नळ असो की शाळेची वाट, एकत्र अर्ज करावा. अन्याय झाला असेल तर तो आपल्या माणसाने केला असला तरी लपवू नये. ह्या कामास पैसा फारसा लागत नाही. वेळ लागतो, आणि अपमान सोसण्याची तयारी लागते.

ह्यात धोका नाही असे नाही. मध्ये उभा राहणारा दोन्ही बाजूंचे बोल खातो. आपलेच लोक त्याला फितूर म्हणतात. पाळक वुये व इमाम अशाफा ह्या दोघांनाही आपापल्या समाजाकडून असे ऐकावे लागले. तरी मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभूने शांती करणाऱ्यांस जे नाव दिले आहे ते लहान नाही. आणि ते शांतीची इच्छा करणाऱ्यांस नव्हे, तर ती करणाऱ्यांस दिले आहे.

वर्गात विचारण्याचे प्रश्न

१. मुंबईत शेजारी जवळ राहत असूनही शेजार का पुरला नाही?
२. भिवंडीच्या समित्यांनी लहान गोष्टींपासून आरंभ केला, ह्यात काय शहाणपण होते?
३. पाळक वुये ह्यांचे मन वादाने पालटले की भेटीने? आपल्या अनुभवात काय दिसते?
४. समेट व न्याय ह्यांपैकी एकच धरला तर काय बिघडते?
५. आज रात्री आपल्या गावात आवई उठली, तर पलीकडच्या आळीत विचारण्यासारखा आपला कोण आहे? त्याचे नाव सांगता आले नाही, तर ह्या आठवड्यात कोणाची ओळख करून घ्याल?